एकशे अठरा काचेचे मासे

फुग्यानं पाण्याचा पेला उजेडात धरून बघणं सोडलं, तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला होता.

बघायला गेलं तर त्यात एवढं काय? चोपन्न वर्षांचा माणूस सकाळी उठतो, पेला भरतो, पाणी पितो, कामाला जातो. सगळं जग असंच करतं. फुग्या मात्र तसं कधी करत नव्हता. पेला हातात आला की तो आधी खिडकीकडे धरायचा, एकदा गोल फिरवायचा, काठावरून अंगठा न्यायचा, आणि मगच पाणी ओतायचा. तेहतीस वर्षं हेच. हॉटेलात हेच, दवाखान्यात हेच. मुलगी बघायला गेला होता तेव्हाही त्यानं पेला असाच उजेडात धरला. होणाऱ्या सासूबाईंना वाटलं, पेला नीट धुतलेला नाही की काय. त्या बिचाऱ्या धावत दुसरा घेऊन आल्या. त्यानं तोही धरला. सून ती गोष्ट अजून सांगते. "पेले दोन-दोनदा तपासले. मला मात्र एकदाच बघितलं, तेही खाली मान घालून."

रविवारी विद्यापीठाचा ओपन डे झाला. सोमवारी सकाळी फुग्यानं पेला घेतला, नळाखाली धरला आणि घटाघटा प्यायला. मंगळवारीही तेच. बुधवारी आईनं मुद्दाम एका काठाला टवका उडालेला जुना पेला पुढे ठेवला. तो त्यातूनच प्यायला. ओठाला टवका लागला असणार. त्यानं नुसता हातानं ओठ पुसला आणि चपला घालून निघून गेला.

"तुम्ही उगाच काहीतरी मनात घेता, आई," सून डबा भरता भरता म्हणाली. ती इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसते. रोज दोनशे माणसांची दुखणी ऐकून तिला घरातली दुखणी लहान वाटतात. "दमलेत ते. रविवारभर उभे होते."

"दमला की तो चिडतो. चिडलेला नाहीये."

"मग बरंय की!"

बरं नव्हतं. पण ते कसं सांगायचं ते आईला कळेना.

फुग्याचं खरं नाव घरात कुणी घेत नाही. त्याचे वडील विद्यापीठात काचकाम करायचे. भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात त्यांचं वर्कशॉप होतं, आणि सुट्टीच्या दिवशी ते पोराला बरोबर न्यायचे. पोरगं गाल टम्म फुगवून नळीत फुंकायचं आणि तिथली माणसं पोट धरून हसायची, कारण काच गालानं फुंकायची नसते, पोटातून फुंकायची असते. फुंकायचं कसं ते त्याला बाराव्या वर्षी आलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. विद्यार्थी त्याला काका म्हणतात. पगाराच्या कागदावर तो 'तंत्रज्ञ, काचकाम' आहे.

वडिलांचे नियम थोडे होते आणि ते घरातल्या सगळ्यांना पाठ होते, इतिहासात बी.ए. झालेल्या आईलासुद्धा. तापलेली काच कुणाचंही ऐकते, ते म्हणायचे. तिचं खरं रूप गार झाल्यावर कळतं. घाईनं गार झालेली काच वरून ठणठणीत दिसते, पण तिच्या पोटात ओढाताण राहून जाते. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागून आवळायला बघतो आणि त्याला जागाच उरत नाही. असली काच तासाभरात फुटेल, महिन्यानं फुटेल, कुणी हात न लावता टेबलावर बसल्या बसल्या फुटेल. म्हणून तयार झालेली वस्तू भट्टीत ठेवायची आणि रात्रभर हळूहळू निववायची. सकाळी ती ताण बघायच्या पेटीत धरायची. पेटी म्हणजे फार काही नव्हे. एक दिवा, दोन काळसर पट्ट्या आणि मध्ये काच. नीट निवलेली काच त्यात अंधारीच राहते. जिच्यात ताण उरलाय तिच्यात रंग उमटतात, निळे, पिवळे, जांभळे.

"रंग दिसले की परत भट्टीत." हे वाक्य या घरात इतकं मुरलं होतं की कुणी जास्तच नटूनथटून निघालं तर आई तेच म्हणायची.

आणि शेवटी वही. वर्कशॉपाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला नंबर, नेणाऱ्याचं नाव, आणि पुढे फोन आले तेव्हा फोन. काही बिनसलं तर माणूस सापडला पाहिजे.

वडील गेले तेव्हा फुग्या एकविसाचा होता, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. आईनं शेजारच्या दुकानातून विभागप्रमुखांना फोन लावला आणि म्हणाली, "साहेब, त्याला हातातलं काम येतं. एकदा बघून तरी घ्या." त्यांनी बघितलं आणि ठेवून घेतलं. परीक्षा राहिली ती राहिलीच. त्यानं कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आईला मात्र तो फोन कधी कधी आठवतो. तेव्हा ती उठते आणि पुसलेला ओटा परत पुसते.

तो वडिलांपेक्षा सरस निघाला. हे आईचं कौतुक नव्हे, वडिलांच्या बरोबरीची माणसंच म्हणायची. वीस वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांना निर्वात प्रयोगासाठी काचेची लांबलचक रचना हवी होती. अकरा तोट्या, साठ-सत्तर जोड, आणि हवेचा एक कणही आत जाता कामा नये. बाहेरच्या कंपनीनं नाही म्हणून सांगितलं. फुग्या चाळीस दिवस त्यावर होता. घरी यायचा तेव्हा डोळे लाल, बोटं भाजलेली, आणि चेहरा असा की लग्नातसुद्धा तसा नव्हता. प्रयोग गाजला. प्राध्यापकांना मोठा सन्मान मिळाला. व्यासपीठावरून त्यांनी गुरूंचे आभार मानले, पत्नीचे मानले, विद्यार्थ्यांचे मानले, नशिबाचेही मानले. फुग्या मागून तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. घरी आल्यावर आई म्हणाली, "तुझं नाव घ्यायला काय झालं होतं त्यांना?"

"अगं, पण एकही गळती नव्हती, आई. एकही!"

त्याला तेवढं पुरलं होतं.

पुढे दिवस फिरले. विद्यार्थी कागदावर आकृती काढून यायचे ते बंद झालं. आता ते मोबाईलवर तयार मालाची चित्रं बघतात. एकदा एक मुलगी तुटलेली नळी घेऊन आली, काका जोडता का म्हणाली. उद्या ये म्हणाला. संध्याकाळपर्यंत तिनं नवी मागवलीसुद्धा. त्यानं रात्री भट्टीत निववलेली ती जोडलेली नळी अजून फळीवर आहे, वहीत नंबर आहे, नेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. वर्कशॉपात तीन माणसं होती त्यातला तो एकटा उरला. चार महिन्यांपूर्वी भट्टीची कॉइल जळाली. अर्ज केला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. मग कुजबुज सुरू झाली की तळघर मोकळं करायचं आहे, आणि निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं काढायला फुग्याला परीक्षा विभागात पाठवतील, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. येत्या शुक्रवारी त्यावर बैठक होती.

मधल्या काळात ओपन डे आला होता.

वर्षातून एकदा विद्यापीठ प्रयोगशाळांची दारं लोकांना उघडतं. लोकांनी यावं, सूक्ष्मदर्शकात डोकवावं, धूर सोडणारा द्रव नायट्रोजन बघावा, विज्ञानाची गोडी लागावी. सगळ्यात लांब रांग फुग्याच्या टेबलापुढे लागायची. तो ज्योतीवर काचेची कांडी धरायचा, वळवायचा, ओढायचा, आणि बघता बघता मासा व्हायचा. जाड पोट, कागदासारखे पातळ पर, वळलेली शेपटी. लोक आ वासून बघायचे. सुरुवातीला त्याला ते आवडायचं नाही. "वर्षभर कुणी ढुंकून बघत नाही, आणि एक दिवस मी सर्कशीतला वाघ," म्हणायचा. पण करायचा मनापासून. आणि मासा त्या दिवशी कुणालाही द्यायचा नाही. नंबराची चिठ्ठी हातात, वहीत नाव आणि फोन, पुढच्या आठवड्यात या आणि घेऊन जा. लोक कुरकुरायचे. कुणी म्हणायचं, काका, मासा आहे का पासपोर्ट? तो हसून म्हणायचा, "कच्चा मासा देत नसतो मी."

या वर्षी समन्वयक मॅडम नवीन होत्या. वाईट नव्हत्या त्या, धावपळीच्या होत्या. त्यांच्या मागे वरचे लोक लागले होते, आणि त्या सगळ्यांच्या मागे लागल्या होत्या. ओपन डेच्या आठवडाभर आधी फुग्यानं रात्री जेवताना त्यांच्यातलं बोलणं सांगितलं होतं, तेही भाताकडे बघत.

"म्हणाल्या, काका, चिठ्ठ्या नकोत. गेल्या वर्षी निम्मे लोक परत आलेच नाहीत. समोर बनवा, हातात द्या. मी म्हटलं, निववल्याशिवाय देता येत नाही, आणि भट्टी तर बंद पडलीय. तर म्हणाल्या, खेळणं आहे हो ते, त्यात कोण आम्ल उकळणार आहे?"

"मग तू काय म्हणालास?" आईनं विचारलं.

"ठीक आहे म्हणालो."

आईचा घास हातातच राहिला. याच माणसानं एकदा विभागप्रमुखांच्या मुलीच्या वाढदिवसाची फुलदाणी, भट्टीतून काढायला सहा तास आहेत म्हणून, वाढदिवस उलटून गेल्यावर दिली होती. "ठीक आहे?" ती म्हणाली.

"आई, ओपन डेनंतरच्या शुक्रवारी बैठक आहे. रांग लांब दिसली तर वर्कशॉप ठेवतील असं म्हणतात. तूच म्हणतेस ना, नाकासमोर चाल, डोकं भिंतीवर आपटू नकोस." आणि त्यानं ताटात पाणी ओतलं.

रविवारी आई स्वतः गेली. गुडघे कुरकुरत होते, तरी तळघराच्या एकोणीस पायऱ्या उतरली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कडेवर पोरं घेतलेले बाप, रिटायर झालेली जोडपी, फोन उंच धरलेल्या मुली. भिंतीवर मोठा फलक, दिवे, आणि टेबलाच्या एका टोकाला ताण बघायची पेटी मांडलेली. तिच्यावर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं: काचेतलं इंद्रधनुष्य. मॅडमची कल्पना. फुग्याच्या हातून मासा सुटला की एक स्वयंसेवक तो चिमट्यानं उचलून पंख्यापुढे धरायचा, गार करायचा, मग पेटीत ठेवायचा.

माशाच्या पोटात रंग उसळले.

लोक "अहाहा" म्हणाले. टाळ्या पडल्या.

"बाबा, मला जास्त रंगवाला पाहिजे!" एक मुलगी ओरडली. पुढच्या माशात निळ्याच्या आत पिवळी, पिवळ्याच्या आत लाल अशी वलयंच वलयं होती. तो तिला मिळाला. मग सगळ्यांनाच रंगवाले हवे झाले. ज्याच्यात कमी रंग तो मासा लोक परत ढकलायचे, आणि स्वयंसेवक हसून म्हणायचा, काका, जरा झगमगीत काढा! फुग्या मान वर न करता कांडी ज्योतीत धरायचा.

एकदाच त्यानं मान वर केली. तेवढ्या गर्दीतून त्याला आई दिसली. ती पेटीकडे बघत होती हेही त्याला दिसलं. रागावला असता, हसला असता, डोळ्यांनी नको म्हणाला असता, तर तिला बरं वाटलं असतं. तो तिच्याकडे असा बघत राहिला जशी ती रांगेतलीच कुणी आहे. मग खाली बघून दुसरी कांडी घेतली.

टेबलाच्या कोपऱ्यात वही होती, दोऱ्यानं पेन बांधलेली. मासा न्यायला परत येण्याचा प्रश्नच नव्हता, तरी लोक सवयीनं तिच्यात नाव आणि फोन लिहीत होते. शेवटी रांग सरली तेव्हा स्वयंसेवकानं उरलेला मासा आईच्या हातात ठेवला. "आजी, एकशे अठरावा. तुमचं नाव लिहा." तिनं लिहिलं नाही.

सोमवारी पेपरात फोटो आला. ज्योतीपुढे वाकलेला फुग्या, बाजूला झळकणारा मासा. कुलगुरूंनी विभागाचं कौतुक केलं म्हणे. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, काका, वर्कशॉप राहतंय असं समजा, आता दर महिन्याला शाळांना बोलवू. सुनेनं फोटो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला. तो तिच्या मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "मासा छान आलाय."

आईनं तिचा मासा खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला होता, पुस्तकांशेजारी. बुधवारी दुपारी घरात एकटीच होती. पेपर वाचत होती. बारीकसा आवाज झाला, नख तुटावं तसा. तिनं वर बघितलं. माशाचं पोट उभं दुभंगलं होतं आणि डोकं टेबलाच्या काठापर्यंत घरंगळत गेलं होतं. कुणी हात लावला नव्हता. वारासुद्धा नव्हता. तिनं चष्मा लावून तुकडे वेचले, मोजले, जुळवून बघितले. पोटाजवळची एक कपची कमी होती. ती कपची तिला वीतभर लांब असलेल्या चहाच्या कपात सापडली, तळाशी. चहा अर्धा प्यायलेला होता.

तिनं कप दूर सारला. मग उठली आणि खालच्या मजल्यावर गेली.

खाली शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांची सून माहेरी बाळंत झालेल्या नणंदेला घेऊन रविवारी ओपन डेला आली होती, हे आईनं बघितलं होतं. दार उघडंच होतं. मशीन चालू होतं. आणि पाळण्यावर, बाळाच्या तोंडावर हातभर उंचीवर, लाल दोऱ्यानं बांधलेला मासा गोल गोल फिरत होता.

"बघा की, तुमच्या लेकाचा मासा!" शिवणाऱ्या बाई म्हणाल्या. "रडं थांबतं हो याच्यामुळे. टक लावून बघतं बाळ."

आईनं खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच. "माझा मोडला. हा द्याल का मला? तो दुसरा आणून देईल."

"अय्या, पोराच्या हातचं सोनं नि आईनं शेजाऱ्याकडे मागावं?" बाई हसल्या. पण आईचा चेहरा बघून हसू आवरलं. त्यांच्या सुनेनं खुर्चीवर चढून दोरा सोडला. आईनं मासा पदरात गुंडाळला आणि जिना चढताना तो अंगापासून लांब धरला, पेटलेली काडी धरावी तसा.

साडेपाचला फुग्या आला. टेबलावर दोन वाट्या होत्या. एकीत तुकडे, दुसरीत पदराच्या सुरकुत्यांतून काढलेला अख्खा मासा, अजून लाल दोऱ्यासकट.

"हा पाळण्यावर टांगला होता," आई म्हणाली.

तो खुर्चीत बसला. चपला काढल्या नाहीत.

"आणि हा आपोआप फुटला. दुपारी. माझ्या चहात कपची होती."

"लागलं का?"

"नाही."

"मग झालं."

"झालं काय? फुग्या, एकशे सोळा आहेत अजून. लोकांच्या उशाशी असतील, टीव्हीवर असतील. कुणाच्या तोंडात..."

"प्रत्येक फुटतोच असं नाही."

"हे तुझ्या बाबांसमोर म्हणाला असतास?"

"बाबांच्या वेळी भट्टी चालू होती, आई."

तो शांतपणे बोलत होता. आईला तेच सोसवेना. ती त्याच्यासमोर बसली. "तुला माहीत होतं. पेटीत दिसत होतं ना तुला?"

"पहिल्याच माशाला दिसलं." तो वाटीतला तुकडा बोटानं फिरवत होता, धारदार कडेवरून. "मी थांबलो होतो गं. म्हटलं, आता कुणीतरी विचारेल की हे रंग कशाचे. भौतिकशास्त्राचे चार प्राध्यापक तिथे उभे होते. ताण म्हणजे काय ते वर्गात शिकवतात ते. मी म्हटलं, एकानं जरी विचारलं, तर मी ज्योत बंद करीन आणि खरं काय ते सांगीन. पहिला मासा झाला, दहावा झाला, पन्नासावा झाला." त्यानं खांदे उडवले. "त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, काका, कमाल आहे तुमची. निर्वात रचनेला नाही म्हणाला कुणी तसं."

"मग तू का नाही बोललास?"

"कुणाला? आणि कशाला? तेहतीस वर्षं गळती नसलेलं काम केलं, ते तळघरात राहिलं. जन्मात पहिल्यांदा कच्चा माल दिला, तर पेपरात फोटो आला."

आईनं त्याच्या हातातून काचेचा तुकडा काढून घेतला. बोटाला रक्त आलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

"मॅडमना सांग," ती शेवटी म्हणाली. "त्या सगळ्यांना कळवतील."

"सांगितलं तर शुक्रवारी बैठकीत काय होईल, माहितेय ना? गठ्ठे बांधायचे तीन वर्षं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मासे करायचे तीन वर्षं." तो उठला. "मला दोन्हीचं काही वाटत नाही, आई. खरंच सांगतो. तू यात पडू नकोस." दोन पावलं गेला आणि पाठमोराच म्हणाला, "बाबांनी आणि मी जे केलं ते बघायला कुणी नाही राहिलेलं. फुटला काय, टिकला काय."

ओट्यावरचा पेला घेऊन त्यानं पाणी भरलं, उभ्या उभ्या प्यायला, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. कडी वाजली. या घरात आतून कडी कुणी लावत नाही.

आई बसून राहिली. सुनेला यायला दोन तास होते. मुलाच्या पिशवीतून वहीचा कोपरा बाहेर आलेला तिला दिसत होता. दरवर्षी तो ती घरी आणायचा, लोकांना फोन करून मासे घेऊन जा म्हणून सांगायला. या वर्षी फोन करायचाच नव्हता. तरी त्यानं वही टेबलावर मांडली होती. दोरा बांधून पेन ठेवलं होतं. आणि आता घरी आणली होती.

ती दाराजवळ गेली. "फुग्या, वही का ठेवली होतीस?"

आतून खाटेची करकर तेवढी झाली.

"ऐकतोयस का? चिठ्ठ्या नव्हत्या, कुणी परत येणार नव्हतं. मग नाव-फोन कशाला लिहून घेतलेस?"

तिनं दाराला कान लावला. श्वास ऐकू येत होता, लांब, पोटातून घेतलेला.

तिनं पिशवीतून वही काढली. एकशे सतरा ओळी. वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, काही पोरांनी लिहिलेल्या, वाकड्यातिकड्या. एकेका नावापुढे फुग्याच्या हातचे बारीक शेरे होते. पेन्सिलीचे, नंतर केलेले. 'पोट जाड.' 'शेपटीजवळ जास्त.' 'हा लवकर जाईल.' तिनं पानं उलटली. शेवटपर्यंत होते. कुठल्या माशात ताण कुठे आहे ते त्यानं एकूणएक लक्षात ठेवून लिहिलं होतं, आणि मग वही मिटून पिशवीत टाकली होती.

ती मॅडमना फोन करू शकत होती. मग त्या वरच्यांना विचारणार, वरचे बैठक घेणार, आणि शुक्रवारपर्यंत सगळे मिळून ठरवणार की लोकांना उगाच घाबरवायला नको. तेवढ्यात आणखी किती पोटं दुभंगतील कोण जाणे. लोकांना थेट फोन केला, तर दहाव्या-पंधराव्या फोनला कुणीतरी विद्यापीठात चौकशी करणारच. मग वर्कशॉपाला कुलूप. लोक म्हणतील, तंत्रज्ञाच्या आईनंच घात केला, आणि ते खोटंही नसेल. एक फोन करून तिनं त्याला त्या तळघरात घातलं होतं. आता दुसरा करून बाहेर काढणार होती, तेही असं, मान खाली घालायला लावून. तो तिच्याशी परत बोलेल की नाही, याची खात्री तिला नव्हती. फोननं तो सावरेल अशी तर बिलकूल नव्हती. पण न करण्यानं तो सावरणार नाही, एवढं तिला दिसत होतं.

ज्या ओळींपुढे 'हा लवकर जाईल' लिहिलं होतं त्या तिनं आधी शोधल्या. नऊ होत्या. पहिली ओळ सतरा नंबरची; मुलीचं अक्षर, नावाखाली दोनदा रेघ मारलेली. जास्त रंगवाला मागणारी हीच असेल, असं तिला उगाच वाटलं.

काय म्हणायचं ते तिनं मनात जुळवलं. नमस्कार, मी ओपन डेला मासे करणाऱ्याची आई बोलतेय. तुमच्याकडचा मासा जाड कापडात गुंडाळा आणि पोरांपासून लांब ठेवा. हो, त्याच्याच हातचा आहे. हो, त्याला माहीत आहे.

शेवटचं वाक्य म्हणावं की नाही ते तिचं ठरेना. मग ठरलं. चष्मा पुसून, सतराव्या ओळीखाली नख धरून, तिनं फोन उचलला आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं एकेक आकडा म्हणत दाबायला लागली.